शाळेत २२ दिवस खिचडी नाही. कोर्टात जाऊन खरंच काही होतं का?

शिलाईवाली_ताई

नमस्कार. इथं पहिल्यांदाच लिहिते आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी. पट ४१. त्यातली निम्मी पोरं बाजूच्या पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. म्हणजे पालक म्हणून नाव टाकलंय. खरं सांगायचं तर आजवर सह्या करण्यापलीकडं मी काही केलं नव्हतं.

डिसेंबरच्या ९ तारखेला पोषण आहाराचा तांदूळ संपला. तेव्हापासून चूल बंद. आज शाळेचे २२ दिवस झाले, मी कॅलेंडरवर रेघा मारून ठेवल्यात. सर म्हणतात, मागणी वर पाठवली आहे. तालुक्याला विचारलं तर म्हणतात, वाहन लागलं की येईल. खिचडीवाल्या मावशी मात्र रोज येतात. चुलीपाशी बसतात, पोरांना पाणी देतात आणि जातात. खाडा पडला तर मानधन कापतील, ही भीती.

गावातली पोरं घरी जाऊन जेवून येतात. पोडावरची मायबाप दोघंही कापसाला गेलेली. ती पोरं दुपारी गेली की परत येत नाहीत. हजेरी सकाळी लागते, त्यामुळं कागदावर सगळी हजर. मध्यंतरी आठवड्याला अंडं सुरू झालं होतं, त्या दिवशी तर आजारी पोरगंही उठून यायचं. ते कधीच बंद झालं. आता खिचडीही गेली.

बचत गटाच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला. एकजण म्हणाली, टीव्हीवर दाखवतात ना, ‘कोर्टानं सरकारला फटकारलं’, तर आपणही कोर्टात जाऊ. घरी आले तर दीर म्हणाले, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, आणि आपल्यासारख्यानं तर त्या गल्लीतूनही जाऊ नये.

माझा प्रश्न साधा आहे. न्यायालयानं सांगितलं म्हणून सरकारनं गरिबाच्या पोटाचं काही केलं, असं खरंच कधी झालंय का? की ते पेपरात बातमी येण्यापुरतंच असतं? आणि आम्ही जायचं तर कुठं?

तालुक्याचं नाव लिहीत नाही. सर माणूस म्हणून वाईट नाहीत.

ठणठणगोपाळ

ताई, तुमच्या दिरांना माझा नमस्कार सांगा.

१९८१ साली मुंबईत पावसाळ्यात फुटपाथवरच्या झोपड्या उचलायला सुरुवात झाली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. ओल्गा टेलिस खटला म्हणून आजही कायद्याच्या पोरांना शिकवतात. जुलै १९८५ मध्ये निकाल आला, सरन्यायाधीश आपले यशवंतराव चंद्रचूड. निकाल वाचाल तर डोळ्यांत पाणी येईल: पोट भरण्याचं साधन काढून घेणं म्हणजे जगणंच काढून घेणं, म्हणून उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग. वा! आणि शेवटी काय? पावसाळा संपेपर्यंत थांबा, ३१ ऑक्टोबरपर्यंत, मग हटवा. हक्क मान्य झाला, झोपडी गेली.

खड्ड्यांचंही तेच. एका न्यायमूर्तींनीच २०१३ मध्ये पत्र लिहिलं, त्यावरून उच्च न्यायालयानं याचिका करून घेतली. तेव्हापासून आदेशावर आदेश. मी रोज ठाण्याहून स्कूटरनं जातो, खड्ड्यांनी आदेश वाचलेले दिसत नाहीत.

फटकारणं, ताशेरे ओढणं, कानउघाडणी करणं हे सगळे शब्द पेपरवाल्यांच्या कामाचे आहेत. तांदूळ ट्रकनं येतो.

टेबल_नंबर_चार

गोपाळराव, तांदूळ ट्रकनं येतो हे खरं. पण ट्रक कशानं हलतो ते मला माहीत आहे, कारण ३१ वर्षं मी तेच बघितलं. महसुलात होतो, बहुतेक काळ तहसीलच्या पुरवठा शाखेत, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. मीही तालुका सांगणार नाही. पेन्शन चालू आहे. दिल्लीत आदेश झाला की तो मंत्रालय, आयुक्त, कलेक्टर अशा पायऱ्या उतरत शेवटी कुणाच्या टेबलावर पडतो? माझ्या. तर त्या टेबलामागून काय दिसतं ते सांगतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

२००१ साल. राजस्थानात दुष्काळ, माणसं उपाशी, आणि अन्न महामंडळाच्या गोदामांत पाच कोटी टनांहून जास्त धान्य पडलेलं. ठेवायला जागा नाही म्हणून पोती उघड्यावर, ताडपत्रीखाली. पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेनं एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टात याचिका केली. म्हणणं एवढंच की कोठार भरलेलं असताना माणूस भुकेनं मरत असेल, तर घटनेच्या २१ व्या कलमातला जगण्याचा हक्क कुठं गेला? याचिका क्रमांक १९६. माझ्या वयाच्या पुरवठा कारकुनाला बायकोचा वाढदिवस आठवणार नाही, पण ‘१९६/२००१’ झोपेतून उठवून विचारा.

२८ नोव्हेंबर २००१ ला अंतरिम आदेश झाला. गंमत बघा, कोर्टानं त्यात नवीन योजना एकही काढली नाही. आठ योजना आधीपासूनच होत्या: रेशन, अंत्योदय (सगळ्यांत गरीब घरांना अगदी स्वस्त धान्य), शाळेतलं जेवण, अंगणवाडी, अन्नपूर्णा, म्हाताऱ्यांची पेन्शन, बाळंतपणाची मदत, घरातला कर्ता गेला तर मिळणारी मदत. त्या होत्या सरकारच्या मर्जीवर. निधी आला तर वाटायचा, नाही आला तर ‘निधी उपलब्ध होताच कार्यवाही करण्यात येईल’ असं लिहायचं. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे. कोर्ट म्हणालं, हे लोकांचं येणं आहे. आणि नुसतं म्हणालं नाही, आकडे घातले. शाळेतल्या पोराला शिजवलेलं जेवण, किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातून किमान २०० दिवस. पेन्शन महिन्याच्या ७ तारखेच्या आत. अंमलबजावणीचा जाब कुणाला विचारायचा? राज्याच्या मुख्य सचिवांना.

तोवर शाळेत काय मिळायचं ते ताईंना आठवत असेल. महिन्याला ३ किलो तांदूळ, तोही ८० टक्के हजेरी असेल तर. १९९५ पासून तेच चालू होतं. पोरगं पिशवी घेऊन शाळेत यायचं, बाप पिशवी घेऊन घरी जायचा, आणि वाटेत त्या तांदळाचं काय व्हायचं ते गुत्तेवाला सांगू शकेल. (सगळ्यांचे बाप तसले नव्हते, हेही लिहून ठेवतो.) शिजवून द्यायचं म्हटल्यावर काय गहजब झाला! गुरुजींनी शिकवायचं की खिचडी ढवळायची? भांडी कुठून? सरपण कोण आणणार? सरकारांनी पैशाचं रडगाणं गायलं. कोर्टानं मुदत दिली तीन महिने, आधी निम्मे जिल्हे, सगळ्यांत गरीब ते पहिले. आणि पुढच्या तीन महिन्यांत उरलेले. मुदत कुणी पाळली नाही. आमच्याकडंही चूल पेटायला बराच वेळ गेला. पण पेटली. आणि पुन्हा पिशवीतल्या तांदळावर कुणी जाऊ शकलं नाही.

आता माझं पाप सांगतो.

त्याच आदेशात लिहिलं होतं की याचं भाषांतर करून प्रत्येक ग्रामपंचायतीत, शाळेत आणि रेशन दुकानात लावा. आमच्याकडं मराठी प्रतींचा गठ्ठा आला. साहेब म्हणाले, अनुपालन अहवाल आजच्या टपालानं गेला पाहिजे. मी लिहिला: ‘सर्व ग्रामपंचायती, शाळा व रास्त भाव दुकाने येथे सदर आदेश ठळकपणे प्रदर्शित करण्यात आलेला आहे.’ गठ्ठा तेव्हा माझ्या टेबलाखाली होता. पाय ठेवायला बरा पडायचा. दुसऱ्या तक्त्यात रकाना होता ‘भूकबळी’. त्यात लिहिलं ‘निरंक’, म्हणजे एकही नाही. तो रकाना मी कधी दुसरं काही लिहून भरल्याचं आठवत नाही. दर महिन्याला निरंक. वर जिल्ह्यानं आमच्या निरंकांची बेरीज केली, राज्यानं जिल्ह्यांची केली, आणि शपथपत्र दिल्लीला गेलं.

चार-पाच महिन्यांनी पोडावरचा एक पोरगा आला. बारावी नापास. खिशात वर्तमानपत्राचं कात्रण. मला म्हणाला, साहेब, हा कागद आमच्या ग्रामपंचायतीत कोणत्या तारखेला लावला? मी म्हटलं, लावलाय. तो म्हणाला, तारीख द्या. मी त्याला हाकललं. दुसऱ्या दिवशी त्यानं वहीच्या पानावर दोन ओळींचा अर्ज आणून दिला आणि पोचपावती मागितली. विषयात काय लिहिलं होतं? ‘सर्वोच्च न्यायालय याचिका क्र. १९६/२००१’. बारनिशीतल्या, म्हणजे आवक-जावक टेबलावरच्या बाईंनी शिक्का मारला, अर्ज तहसीलदारांसमोर गेला, आणि साहेबांचा चेहरा मी अजून विसरलो नाही. तीन दिवसांत कोतवालांच्या सायकलींवरून तो गठ्ठा तालुकाभर गेला. माझ्या पायाखालची जागा रिकामी झाली.

का हलले साहेब? कारण साध्या अर्जाला तारीख नसते. स्मरणपत्र एक, स्मरणपत्र दोन, मग अर्धशासकीय पत्र, मग बदली. ज्या फायलीवर ‘कोर्ट मॅटर’ची लाल चिठ्ठी, तिला मात्र पुढची तारीख असते. त्या तारखेला मंत्रालयातल्या कुणाला तरी शपथेवर उत्तर द्यायचं असतं आणि खोटं निघालं तर अवमानाची टांगती तलवार. सचिवाला घाम फुटला की तहसीलच्या कारकुनाला थंडी वाजते. आमच्या खात्यात भीती हा एकमेव कागद असा आहे जो गहाळ होत नाही.

२ मे २००३ चा आदेश आला तेव्हा तर मी स्वतः राबलो. आदिम जमातींच्या घरांना अंत्योदय कार्ड द्या, असा. आपल्या राज्यात त्या तीन: कातकरी, कोलाम, माडिया गोंड. तोवर काय व्हायचं, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नाही म्हणून कोलाम म्हाताऱ्याला आम्हीच परत पाठवायचो. आता आम्हीच पोडावर जाऊन नावं लिहून आणली. ३५ किलो धान्य, गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये. त्या उन्हाळ्यात कार्डं लिहून लिहून माझ्या मधल्या बोटाला घट्टा पडला. तो अजून आहे.

पण गोपाळरावांचं अर्धं मलाही पटतं. कोर्टाला स्वतःचे डोळे नाहीत. कोर्ट बघतं ते आमच्या कागदांतून, आणि आमचे कागद कसे, ते वर सांगितलंच. म्हणून तर २००२ मध्ये कोर्टानं स्वतःचे आयुक्त नेमले, एन. सी. सक्सेना आणि एस. आर. शंकरन, पुढं शंकरन यांच्या जागी हर्ष मंदर. आयुक्तांच्या कार्यालयाकडून प्रश्न यायचे ते आमच्या तक्त्यात न बसणारे. ‘किती कार्डं वाटली’ हे आम्ही पाठ केलेलं. त्यांना पाहिजे असायचं की कार्ड आहे, पण धान्य शेवटचं कधी उचललं? ते मला गावात जाऊन विचारावं लागायचं, आणि गावात गेलं की निरंक लिहिणं जड जातं.

१६ वर्षं चाललं हे प्रकरण. मधे २०१३ मध्ये अन्न सुरक्षा कायदा झाला, आणि २०१७ मध्ये कोर्टानं याचिका निकाली काढली. तुमच्या शाळेतली खिचडी ताई, ती त्या याचिकेची नात आहे असं समजा.

शिलाईवाली_ताई

भाऊ, दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मावशींना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांना गठ्ठ्यावर पाय ठेवल्याचा राग आला आणि नंतर हसूही आलं.

पण मला अजून कळलं नाही. कायदा झाला, कोर्टानं सांगितलं, सगळं झालं. मग आमची चूल का बंद? आणि आता परत कोर्टात जायचं म्हणजे परत १६ वर्षं का? माझा पोरगा तिसरीत आहे.

काळा_कोट_नागपूर

मी उच्च न्यायालयात वकिली करते. मोजकं लिहिते, उद्या सकाळी बोर्डावर माझं प्रकरण आहे.

जनहित याचिका करता येते. घटनेच्या २२६ व्या कलमाखाली आपल्याच उच्च न्यायालयात, दिल्ली गाठायची गरज नाही. तुमच्या जिल्ह्याला जे खंडपीठ असेल तिथं. वकिलाची फी हा अडसर समजू नका: विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथं साधा अर्ज द्यायचा.

पण आज, या टप्प्यावर, याचिका करू नका असंच मी म्हणेन. न्यायमूर्तींचा पहिला प्रश्न असतो: आधी कुणाकडं दाद मागितली? तोंडी विचारलं, हे उत्तर चालत नाही. तुमच्याकडं आत्ता एकही शिक्का असलेला कागद नाही, बरोबर? मग सरकारी वकील उठून म्हणेल, ‘माय लॉर्ड, तक्रारच प्राप्त नाही’, आणि पाच मिनिटांत बोर्डावरचं पुढचं प्रकरण पुकारतील. चांगल्या विषयांच्या कच्च्या याचिका अशा गेलेल्या मी पाहिल्या आहेत. वाईट याचिकेनं पुढच्या चांगल्या याचिकेचीही वाट बिघडते.

कोर्टाचा आदेश झाला तरी तो गावात उतरायला किती वेळ लागतो याचंही एक उदाहरण देते, म्हणजे आशा जास्तही नको आणि कमीही नको. त्याच अन्न हक्काच्या प्रकरणात ऑक्टोबर २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, गावातले बचत गट, महिला मंडळं यांना काम द्या. आपल्या राज्यात मग काय झालं? ठेकेदारच महिला मंडळाची पाटी लावून आत आले. पुढं घरपोच आहाराच्या निविदेच्या अटीच अशा केल्या की खऱ्या बचत गटाला दारातूनच परत जावं लागेल. बचत गट कोर्टात गेले आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती निविदा रद्द केली. २००४ ते २०१९. पंधरा वर्षं एकाच वाक्यासाठी. पण बायका जिंकल्या, आणि जिंकल्या त्या त्याच जुन्या वाक्यावर बोट ठेवून.

तुमच्या प्रश्नाला लागू असलेली गोष्ट वेगळी आहे. २०१३ च्या कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे की ठरलेलं धान्य किंवा जेवण दिलं नाही, तर राज्य सरकारनं अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा. शाळेच्या जेवणाचे २०१५ चे केंद्रीय नियम आहेत, त्यात हे आणखी नेमकं लिहिलंय. धान्य नाही, शिजवण्याचा खर्च नाही, सरपण नाही, स्वयंपाकी नाही, कारण कुठलंही असो. जेवण चुकलं की त्या दिवसांचं धान्य आणि शिजवण्याचा खर्च भत्ता म्हणून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यायचा. आणि सलग ३ शाळेचे दिवस किंवा महिन्यात ५ दिवस जेवण मिळालं नाही, तर जबाबदारी निश्चित करायची. तुमचे २२ झालेत.

हा नियम किती शाळांत वापरला जातो? मला विचारू नका, वाईट वाटतं. पण तो मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

ठणठणगोपाळ

म्हणजे २२ दिवस उपाशी राहिलेल्या पोराला सरकार नंतर तांदूळ आणि पैसे देणार. भूक मागच्या तारखेनं भागते होय?

माळावरचा_मास्तर

गोपाळराव, टोमणा बरोबर आहे, पण बाईंनी सांगितलेल्या त्याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे, जी ताईंच्या सरांना बहुतेक माहीत नसावी. मलाही नोकरीत खूप उशिरा कळली. धान्य किंवा पैसा तात्पुरता संपला तर शाळेकडं जो काही निधी असेल तो वापरून जेवण चालू ठेवायचा अधिकार मुख्याध्यापकाला आहे. पोषण आहाराचे पैसे आले की ते परत भरून घ्यायचे.

मी वापरला नाही का? वापरला, एकदाच. किराणावाल्याकडून तांदूळ आणि मूगडाळ उधार आणली, नंतर शाळेच्या खात्यातून दिले. लेखापरीक्षणाला आलेल्या माणसानं मला दोन तास उभं केलं. कोणत्या शीर्षाखाली? मंजुरी कुणाची? शेवटी नियमाची झेरॉक्स आणून दाखवली तेव्हा सोडलं. तेव्हा ताई, सर घाबरत असतील तर ते उगाच नाही. त्यांच्यावर चिडू नका. समितीनं ठराव करून द्या की आम्ही सांगतो, निधी वापरा. ठराव पाठीशी असला की मुख्याध्यापकाला बळ येतं. नुसत्या नियमाच्या जोरावर फार थोडे मास्तर उभे राहतात.

आणि सकाळच्या हजेरीचं जे लिहिलंय, ते जरा जपून. जेवलेल्या पोरांची नोंद रोज वेगळी करायची असते. त्या २२ दिवसांत तिथं काय लिहिलंय ते ठराव करायच्या आधी बघून घ्या. शून्य लिहिलं असेल तर सर तुमच्या बाजूचे. आकडा लिहिला असेल तर… बघून घ्या एवढंच म्हणतो.

टेबल_नंबर_चार

मास्तरांनी लाखातलं सांगितलं. ती नोंदवही आधी बघा.

आता अर्ज. ताई, मी आयुष्यभर अर्ज घेतले, त्यामुळं कोणता अर्ज टेबलावर राहतो आणि कोणता फायलीत पुरला जातो ते मला कळतं. ‘गोरगरीब मुलांवर अन्याय होत आहे, तरी मायबाप सरकारने दखल घ्यावी’ असं लिहाल तर कारकून म्हणेल, हो, घेतली दखल. भावना लिहू नका. आकडे लिहा, म्हणजे ते खोडायला त्याला स्वतःची सही करावी लागते.

असं काहीतरी:

‘आमच्या शाळेत ९ डिसेंबरपासून आजपर्यंत शाळेचे २२ दिवस माध्यान्ह भोजन शिजलेले नाही. पट ४१. प्रति विद्यार्थी प्रतिदिन १०० ग्रॅम प्रमाणे २२ दिवसांचा देय तांदूळ ९० किलो २०० ग्रॅम. हा तांदूळ व २२ दिवसांचा शिजवण्याचा खर्च राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३, कलम ८ व मध्यान्ह भोजन नियम २०१५ प्रमाणे अन्न सुरक्षा भत्ता म्हणून कोणत्या तारखेस देणार, ते लेखी कळवावे. सलग ३ दिवसांपेक्षा जास्त भोजन बंद असल्याने जबाबदारी कोणावर निश्चित केली, ते लेखी कळवावे. भोजन कोणत्या तारखेपासून सुरू होईल, ते लेखी कळवावे.’

बस. तीन ‘लेखी कळवावे’. प्रत गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, याच कायद्याखालचे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, आणि मुंबईला राज्य अन्न आयोग. पहिल्या तिघांकडं हातानं द्या, शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. ‘ठेवून जा’ म्हणतील. ठेवायचं नाही. मी स्वतः लोकांना ‘ठेवून जा’ म्हणायचो, म्हणून सांगतो.

एकट्या जाऊ नका. चार जणी जा, आणि पोडावरची एक तरी माय बरोबर असू द्या. तिची रोजी बुडेल, ती बचत गटानं भरा.

आणि तुमचा प्रश्न राहिला: कायदा झाला तर चूल बंद का? ताई, माझ्या टेबलावरून एवढंच दिसलं की आदेश असो की कायदा, तो वरून ढकलला की अर्ध्या वाटेत थांबतो. खालून कुणी ओढलं तर येतो. गठ्ठा कोर्टानं पाठवला, पण माझ्या पायाखालून तो त्या नापास पोरानं काढला. दोघांतला एक नसता तर तो आजही तिथंच असता. आणि मला वाटतं, गोपाळरावांचं ओल्गा टेलिसही तसंच वाचावं. १९८५ मध्ये झोपड्या गेल्या, पण ‘उपजीविका म्हणजे जगणं’ हे तिथं लिहून ठेवलं नसतं, तर २००१ वाल्यांना धान्यासाठी २१ वं कलम इतक्या हक्कानं मांडता आलं असतं का? मी कायदेपंडित नाही. वकीलबाई सांगतील.

काळा_कोट_नागपूर

काका, तुम्ही काळा कोट घालायला हवा होता. अर्ज उत्तम आहे. एकच सुधारणा: ‘१५ दिवसांत’ असं घाला, म्हणजे सोळाव्या दिवशी तुमच्या हातात कारण असेल. तेव्हा मला कळवा. मग आपण याचिकेचं बोलू.

ठणठणगोपाळ

माझं मत बदललेलं नाही. पण अर्जाची प्रत मुंबईला अन्न आयोगाकडं न्यायची असेल तर मी नेऊन देतो. ऑफिस फार लांब नाही. शिक्का घेऊन येईन, काका.

शिलाईवाली_ताई

उशिरा लिहिते आहे, मधे लग्नसराईची शिलाई होती.

नोंदवही बघितली. सरांनी २२ ही दिवस शून्यच लिहिलंय. मला फार बरं वाटलं. ठराव झाला, सर म्हणाले तुम्ही लिहून दिलं तर मी उधारीवर सुरू करतो, आणि सोमवारी चूल पेटली. किराणावाला माझ्या मावसभावाचा साडू, म्हणून झालं हेही खरं.

अर्ज तिन्ही ठिकाणी दिला. आम्ही पाच जणी होतो, पोडावरच्या दोघी. तालुक्याला ‘ठेवून जा’ म्हणाले. मी म्हटलं, नाही, शिक्का पाहिजे. साहेब जेवायला गेलेत, म्हणाले. आम्ही म्हटलं, जेवू द्या, आमची पोरं २२ दिवस थांबली, आम्ही थांबतो. सव्वातीनला शिक्का मिळाला. मुंबईचा शिक्काही गोपाळभाऊंनी फोटो काढून पाठवला, उपकार झाले.

सहाव्या दिवशी टेम्पो आला. तांदळाची चार पोती. भत्त्याचं मात्र अजून कुणी काही बोलत नाही. जबाबदारी कुणाची तेही नाही. दोन ‘लेखी कळवावे’ बाकी आहेत, आज नववा दिवस.

टेबल_नंबर_चार

पोती उतरवताना वजन केलं का?

शिलाईवाली_ताई

केलं. गावातल्या कापसाच्या काट्यावर. तीन पोती बरोबर ५० किलो, एक ४६. टेम्पोवाला म्हणाला, बाई, एवढं कोण मोजतं? पावतीवर १९६ किलो लिहून घेतलं. तो आकडा लिहिताना तुमचा याचिका नंबर आठवला, मावशींना सांगितलं तर त्या हसत बसल्या. सरांनी सही करायला जरा वेळ लावला, पण केली.